बुजलेल्या सुया

दोन हजार तेवीस साल होतं आणि मला बहात्तरावं लागलं होतं. या वयात माणसानं शांत बसावं, असं सगळे सांगतात. सांगणारे सगळे कामाला जाणारे असतात. मला पहाटेच जाग येते, कारण कोराडीच्या वीजघरात पहिल्या पाळीला जायची सवय अंगात मुरलेली आहे. तेव्हापासून अंधार पडेपर्यंतचा दिवस कोणी मुद्दाम माझ्यासाठी ताणून ठेवल्यासारखा लांब असतो. चौथी शिकलेला माणूस पेपर हळू वाचतो हे खरं, पण पेपरात तरी वाचण्यासारखं आता किती असतं.

आम्ही तेव्हा नागपूरच्या प्रताप नगरात राहायला आलो होतो, मी आणि माझी बायको, मुलीकडे. कोणी विचारलं तर मी सांगायचो, मुलगी आमच्याकडे राहते. बायको ते ऐकायची आणि उठून आत जायची.

मुलगी चाळिशीला आलेली. इमारतींचे मॉडेल बनवायचं तिचं काम. आर्किटेक्ट लोक कागदावर घर काढतात, पण ज्याला घर बांधायचं त्याला कागद कळत नाही. त्याला हातभर उंचीचं घर समोर ठेवलं की कळतं. भिंती, जिने, खिडक्या, बाहेर बोटाएवढी झाडं. आधी ती एका मोठ्या ऑफिसात हे करत होती. तिथं हिनं बनवलेल्या मॉडेलवर साहेबाच्या नावाची पाटी लागायची आणि साहेब लोकांना सांगायचा, आमच्याकडची एक मुलगी आहे, हाताची बरी आहे. चाळीस वर्षांच्या बाईला मुलगी म्हणायचं. मग एक दिवस तिनं ते सोडलं आणि घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं.

त्या खोलीत मी दिवसातून कितीदा तरी जायचो. जायचो, पाहायचो, यायचो. परत जायचो.

"अजी, बसा ना एका जागी," बायको म्हणायची. "तुमच्या फेऱ्यानं फरशी झिजून राहिली."

"फरशी घरमालकाची आहे. झिजू दे."

असाच एकदा गेलो तर तिच्या कचऱ्याच्या डब्यात एक प्लास्टिकची बाटली दिसली. अंगठ्याएवढी, आणि तोंडाला बारीक लोखंडी सुई. डॉक्टरच्या सुईसारखीच, पण टोक बोथट. त्या बाटलीत पांढरा गोंद भरायचा आणि दाबून केसासारखी रेघ ओढायची. सुई बुजली होती, म्हणून तिनं बाटलीसकट टाकली होती.

मी ती काढली. नळाच्या पाण्यानं काही झालं नाही. मग चहाच्या भांड्यात पाणी कोमट केलं आणि तिला बुडवून ठेवलं. जुन्या वायरचं आवरण काढून आतली तांब्याची एक तार सुटी केली. गोंद नरम पडल्यावर ती तार हळूच घातली, फिरवली, काढली, फुंकलं. थेंब आला, मग धार आली.

मुलीच्या समोर नेऊन ठेवली. ती म्हणाली, "बाबा, थे कचऱ्यात टाकलं होतं मी."

"मालूम आहे मले."

"मंग काहून काढलं?"

"भोक बुजलं म्हणून सुई फेकतं का कोणी? आमची गन बुजली तर काय बॉयलर फेकत होतो का आमी?"

आता ही गन काय ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. वीजघराच्या बॉयलरमध्ये कोळसा जळतो, पण थंड बॉयलरमध्ये कोळसा आपोआप पेटत नाही. आधी तेलाचा फवारा मारून जाळ करावा लागतो. तो फवारा मारणारी माणसापेक्षा लांब नळी म्हणजे गन. तिच्या टोकाला बारीक भोकांचं टोपण असतं. जाळ बंद केला की नळीत उरलेलं तेल आतल्या धगीनं भाजून कोळशासारखं होतं आणि भोकं बुजतात. म्हणून तेल बंद केल्याबरोबर नळीतून वाफ सोडायची. वाफ सगळं ढकलून नेते. मग टोपण काढायचं, डिझेलमध्ये भिजवायचं, पितळेच्या तारेनं भोकं मोकळी करायची. पितळेच्याच. पोलादाची तार घातली तर भोक मोठं होतं आणि जाळ वाकडा येतो. नोकरीभर मी हेच केलं. साहेब बदलले, बॉयलर बदलले, माझी तार तीच.

तर मुलीच्या सुया माझ्याकडे आल्या. तिनं दिल्या असं नाही, मी घेतल्या. पांढऱ्या गोंदाचं काम संपलं की बाटली रिकामी करायची, कोमट पाणी आत ओढून बाहेर दाबायचं, फुंकायचं, आणि सुईचं टोक ओल्या स्पंजात खुपसून बाटली उलटी उभी करायची म्हणजे टोकाशी गोंद वाळत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात तर बाटली टेबलावर ठेवून तुम्ही पाणी पिऊन या, तोवर सुई बंद. मी टेबलाच्या कोपऱ्यात माझी जागा केली. स्पंजाचा डबा, तार, फडकं. मुलगी काम करता करता मागं हात करायची आणि मी हातावर साफ सुई ठेवायचो. बोलावं लागायचं नाही. ते दिवस बरे गेले. फेऱ्या कमी झाल्या.

पण एका बाटलीला तिनं मला हात लावू दिला नाही. ती सुपर ग्लूची. पाण्यासारखा पातळ, लावला की चिकटला. खिडक्यांच्या काचा म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, आणि बारीक कठडे, त्यांना तोच लागतो. त्याच्या सुया वेगळ्या, प्लास्टिकच्या टोपीत बसवलेल्या. बुजल्या की ती त्यांना काचेच्या बरणीत, नखांचा रंग काढायच्या औषधात भिजत घालायची.

"याले हात नाही लावायचा, बाबा. याले पाणी नाही चालत. पाणी लागलं का थितंच दगड."

म्हणून तो गोंद वापरताना ती कूलरही बंद करायची. मे महिन्यात, नागपुरात. कूलरच्या ओल्या हवेनं काचेवर पांढरा धूर बसतो म्हणे. मी घाम पुसत बसायचो आणि त्या बरणीकडे पाहायचो. औषधात पडलेल्या सुया. सकाळी घातलेल्या संध्याकाळी निघणार. एवढा वेळ लागतो का कुठं भोक मोकळं करायला? हात नुसते शिवशिवायचे.

त्याच महिन्यात तिला एक काम आलं. कामठीच्या रस्त्यावर एक गाव आहे, तिथल्या लोकांना विहार बांधायचा होता, आणि त्याला लागून मुलांसाठी वाचनाचा हॉल. त्यांचा आर्किटेक्ट तरुण पोरगा होता. त्यानं सांगितलं, रविवारी कमिटीची माणसं घरी येऊन मॉडेल पाहतील. त्यांना पटलं तर पुढची वर्षभराची कामंही इकडंच देईन. दुसऱ्या बाजूला जुन्या साहेबाचा फोन यायचा. जागा ठेवली आहे, सोमवारी येऊन कळव, नंतर ठेवणार नाही. घरी टेबल मांडल्यापासून तिला किरकोळ कामंच मिळाली होती. रविवार बरा गेला नाही तर सोमवारी तिला परत त्या खुर्चीत जाऊन बसावं लागणार, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि बायकोलाही, म्हणून तिघंही त्यावर बोलत नव्हतो.

मॉडेलच्या फळीच्या कोपऱ्यात तिनं एक छोटी पितळी पाटी लावली होती. तिच्या स्वतःच्या नावाची. मी ती रोज फडक्यानं पुसायचो.

शनिवारी दुपारपर्यंत विहाराचा घुमट झाला होता, हॉलच्या भिंती उभ्या होत्या. खिडक्या आणि कठडे तेवढे राहिले होते. सुपर ग्लूच्या सगळ्या सुया सकाळच्या कामात बुजल्या होत्या. त्या तिनं बरणीत घातल्या आणि गवताचा हिरवा कागद आणायला गाडी घेऊन सीताबर्डीच्या बाजारात गेली. जाताना म्हणाली, "आल्यावर खिडक्या घेतो. तोवर निघतीन सुया."

मी बसलो. उठलो. बरणी उचलून उजेडात धरली. औषध गढूळ झालं होतं, पण सुया तशाच. एक काढून तार घातली, तार जाईना. घड्याळ पाहिलं. खिडक्या किती आहेत ते पाहिलं. आली आणि सुया तयार नसल्या तर? मग मला वाटलं, पाणी चालत नाही हे ठीक. पण वाफ म्हणजे पाणी नव्हे. हे मी काही मनानं सांगत नाही. बॉयलरची वाफ मी पाहिली आहे, म्हणजे पाहिली नाही, कारण ती दिसतच नाही. कोरडी असते, कापड धरलं तर ओलं होण्याआधी जळतं. शिकलेल्या माणसाला वाफ म्हटलं की भिजलेली ढगासारखी वस्तू दिसते. मला तसं दिसत नाही.

स्वयंपाकघरात कुकर लागलाच होता. मी सुया फडक्यानं पुसल्या, पक्कड घेतली आणि शिटीशी उभा राहिलो.

"हे काय करून राहिले जी?" बायको म्हणाली.

"काम."

"डाळ शिजून राहिली त्यात. तुमच्या गोंदाचा वास लागन डाळीले."

"डाळ आत आहे. मी बाहेर आहे."

शिटी वाजली की एक सुई धरायची, फिरवायची, बाजूला ठेवायची. सगळ्या केल्या. मग वाटलं, बाटलीच्या तोंडाशीही कवच धरलं आहे, तेही लगे हात करू. टोपण काढलं आणि तोंड वाफेत धरलं.

आता सांगतो काय झालं. सुया पांढऱ्या पडल्या. मीठ फुटल्यासारख्या. तार घातली तर अर्धी गेली आणि तिथंच बसली; ओढली तर तुटली. दुसरीत घातली, तेच. बाटलीच्या तोंडावर एक कडक पडदा आला आणि आतला गोंद हलवला तर मधासारखा हलू लागला. आणि माझा अंगठा पक्कडीला चिकटला.

कुकरची वाफ ओली असते. बॉयलरची कोरडी. हा फरक मला माहीत होता, म्हणजे मलाच माहीत असायला पाहिजे होता. पण वाफ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर कोराडी होती, स्वयंपाकघर नव्हतं.

बायकोनं अंगठ्याला तेल लावलं आणि कोमट पाण्यात धरून सोडवायला बसली. हसत होती, पण तिचं अर्धं लक्ष दाराकडे होतं.

"पोरगी आल्यावर काय सांगसान?"

"जे झालं थे सांगन."

"नाई, सांगसानच तुमी. पण अवाजात जोर नका लावजा."

मुलगी आली. हिरवा कागद टेबलावर ठेवला, बरणी रिकामी पाहिली, मग ताटलीतल्या सुया पाहिल्या. एक उचलली. त्यातून माझ्या तारेचा तुकडा बाहेर आला होता.

"हे काय केलं जी?"

"साफ करून राहिलो होतो. वाफ दिली."

"पाणी नाही चालत म्हणून सांगतलं होतं मी."

"पाण्याचं सांगतलं होतं. वाफेचं नाही सांगतलं."

"वाफ काय ताकाची होते का?" बायको आतून म्हणाली.

मुलगी हसली नाही. ओरडली असती तर मी ओरडलो असतो आणि भांडण होऊन मोकळे झालो असतो. ती फरशीवर बसली, पाठ भिंतीला लावून, आणि दुकानाला फोन केला. तशा सुया संपल्या होत्या, मंगळवारी येणार होत्या. तिनं फोन खाली ठेवला आणि त्याच आवाजात म्हणाली, "सोमवारी ऑफिसात जातो मी. काही नाही होत."

ते "काही नाही होत" मला लागलं. मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. मे महिन्यातली दुपार, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. चौकातल्या किराणा दुकानात सुपर ग्लूच्या छोट्या नळ्या टांगलेल्या असतात, त्या घेतल्या. गोंदाचा प्रश्न सुटला, पण गोंद काय, कुठंही मिळतो. नळीच्या तोंडातून जो थेंब पडतो तो त्या खिडकीपेक्षा मोठा. तो पडला की पांढऱ्या भिंतीवर डाग, आणि तो निघत नाही. सुई पाहिजेच होती, आणि पांढऱ्या गोंदाच्या सुया पाण्यात राहिलेल्या, त्या इथं चालणार नव्हत्या. सायकल दुरुस्तीवाल्याला विचारलं, औषधाच्या दुकानात इंजेक्शनची सुई मागितली. तो पोरगा माझ्याकडे असा पाहू लागला की मी काही न घेता निघालो. घरी आलो तेव्हा डोकं तापलं होतं आणि मी अजूनही मनात वाफेचीच बाजू मांडत होतो.

मुलगी मागच्या अंगणात होती. तिनं मेणबत्ती लावली होती आणि एक सुई चिमट्यात धरून जाळत होती. आतला गोंद जळून धूर निघत होता, डोळ्यांत मिरची गेल्यासारखा. सुई मोकळी होत होती खरी, पण तिची प्लास्टिकची टोपी वितळून गळून पडत होती. मग ती बाटलीला बसणार कशी?

"दे इकडं, मी धरतो," मी म्हणालो.

"बसा तुमी."

मी बसलो नाही, पण हातही लावला नाही. ती एकेक सुई जाळत गेली आणि एकेक टोपी गेली. शेवटची गेल्यावर तिनं मेणबत्ती विझवली नाही. तिच्याकडे पाहत राहिली, आणि आत आवाज दिला, "आई, तुह्या गोधडीच्या सुया आहेत का?"

"आहेत. काहून?"

"दे."

"कायले? गोधडी शिवतं का आता?"

"दे ना वं माय."

ऑफिसात एक जुना कारागीर होता, त्याच्याकडं तिनं ही युक्ती पाहिली होती. शिवणाच्या सुईचं नेढं वरून अर्धं घासून टाकायचं, म्हणजे त्याचा काटा होतो, दोन दातांचा. सुईचं टोक लाकडी काडीत खुपसायचं. तो काटा गोंदात बुडवला की दातांमध्ये एकच बारीक थेंब अडकून राहतो, आणि सांध्याला टेकवला की थेंब आपण होऊन आत पळतो. दाबायचं नाही, बाटली नाही, नळी नाही. बुजायला भोकच नाही.

तिनं एक सुई घेतली आणि घासायला फरशीवर टेकवली. मला राहवलं नाही.

"फरशीवर नाही घासत. दात वाकडे येतीन."

तिनं मान वर केली. मग सुई माझ्या हातात दिली.

मी धार लावायचा दगड आणला, त्यावर तेलाचा थेंब टाकला आणि घासायला बसलो. हलका हात, एकाच दिशेनं. नेढ्याची वरची कमान तेवढी जायला पाहिजे, दात उरायला पाहिजेत. पहिली सुई मोडली. बायको म्हणाली, "थे माह्या मायनं देल्ली होती." मी म्हणालो, दुसरी दे. दुसरी जमली.

मुलीनं ती काडीत बसवली, गोंदात बुडवली, हॉलच्या पहिल्या खिडकीला टेकवली. थेंब पट्टीच्या कडेनं पळाला आणि दिसेनासा झाला. तिनं मागं हात केला, पुढची पट्टी घ्यायला. मी ती दिली.

पण हा काटाही काही अमर नाही. चार-सहा वेळा बुडवला की दातांवर गोंदाची टोपी चढते आणि थेंब धरत नाही. मग तो ज्योतीत धरायचा, गोंद जळतो, फडक्यानं पुसायचा, थंड झाला की परत. धूर डोळ्यांत जातो म्हणून ते अंगणातच करायचं. तसं आमचं चक्र लागलं. मी अंगणात मेणबत्तीशी, ती आत टेबलाशी, आणि मधल्या दारात बायको. मळलेला काटा बाहेर यायचा, साफ झालेला आत जायचा. बायको दोन्हीकडून बोलणी खायची.

"लवकर दे."

"गरम आहे अजून."

"आई, बाबाले म्हण दात काळे राहून राहिले."

"पोरगी म्हणते दात काळे आहेत."

"तिले म्हण, माहेही काळे आहेत. काम थांबते का?"

आत कूलर बंद, पंखाही बंद, कारण वाऱ्यानं पट्ट्या हलतात. मुलीनं कपाळाला रुमाल बांधला होता, घाम गळू नये म्हणून. उन्हं भिंतीवरून वर चढत गेली. हॉल झाला, विहाराच्या खिडक्या झाल्या, कठडे झाले. दिवा लावायच्या वेळेला एकच खिडकी राहिली, दाराच्या वरची. मी शेवटचा काटा घेऊन स्वतः आत गेलो. पाहावं म्हणून वाकलो. तिनं थेंब टेकवला आणि माझ्या नाकावरून घाम पडला. काचेवर नाही पडला, बाजूला पडला, बोटभर अंतरावर. तेवढं पुरलं. की माझा श्वास होता, कोण जाणे. पाहता पाहता काचेच्या कोपऱ्यात पांढरं धुकं पसरलं.

आम्ही तिघंही त्याच्याकडे पाहत राहिलो. पट्टी चिकटली होती. काढली तर भिंत फाटली असती.

"राहू द्या," मुलगी म्हणाली. आणि कूलर लावला.

रविवारी दुपारी कमिटीची माणसं आली. आर्किटेक्ट, दोन म्हातारे आणि एक म्हातारी बाई. जागा त्या बाईनं दिली होती, म्हणून सगळे तिच्या मागून चालत होते. मुलीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं की तुम्ही काही बोलायचं नाही. बायको माझ्या शेजारी बसली होती, चिमटा काढायच्या अंतरावर.

आर्किटेक्टला धुकं लगेच दिसलं. त्यानं नखानं घासून पाहिलं.

"हे असं कसं झालं?"

माझं तोंड उघडलं होतं. बायकोनं चिमटा काढला, पण त्याआधीच मुलगी बोलली. "गोंदाचा धूर बसला. माझं काम आहे, मी बदलून देते." साहेब लोकांशी ती अशी पुस्तकासारखी बोलते.

म्हातारी वाकली. चष्मा पुढं-मागं केला. "काहून वं माय, या खिडकीले मोतीबिंदू झाला का?"

"हाव मावशी. ऑपरेशन करतो मी."

म्हातारी हसली. मग तिनं हॉलभोवती बोट फिरवलं आणि विचारलं, पोरी कोणत्या दारातून येतील, चपला कुठं काढतील, पावसात सायकली कुठं ठेवतील. मुलगी एकेक दाखवत गेली. सायकलीची जागा कागदावर नव्हतीच, ती हिनं आपल्या मनानं केली होती. म्हातारी आर्किटेक्टला म्हणाली, "हे पा, या पोरीले समजलं. तुले नाही समजलं." दोन्ही म्हातारे मान हलवू लागले. आर्किटेक्टही हसला, पण जरा उशिरा.

जाताना तो म्हणाला, खिडकी तेवढी बदला. पुढचं एक शाळेचं काम आहे, छोटं आहे, ते तुम्हाला देतो. बाकीचं बघू. म्हणजे वर्षभराची कामं नाहीत. एक शाळा, आणि बघू.

ती माणसं गेल्यावर मुलगी बराच वेळ टेबलाशी बसून राहिली. मी दारात गेलो, परत आलो, परत गेलो. शेवटी विचारलंच, "उद्या जातं का ऑफिसात?"

"नाही जात."

"एका शाळेवर?"

"हाव. एका शाळेवर." मग म्हणाली, "पण थितली कपाटाची किल्ली माझ्याजवळ राहिली आहे. आणि माझी पट्टी, कात्र्या थितं आहेत. मी गेलो तर थो मले चहा पाजून बसवते. गोड बोलते. मंग मी हो म्हणून येतो, मले माहीत आहे."

"मंग?"

"मंग तुमी जा."

"मी?"

"तुमच्यासारखा अडेल माणूसच पाहिजे थितं. वाफेनंही नरम नाही पडत." हे बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. बायको आत तोंडाला पदर लावून हसत होती.

मी म्हणालो, विचार करतो. विचार काही केला नाही. शर्टाला इस्त्री केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचं दार उघडायच्या आत मी तिथं जाऊन जिन्यावर उभा राहिलो. साहेब आला, मी कोण ते सांगितलं. तो फार आनंदानं बोलला, खुर्ची ओढून दिली, चहा सांगितला. मी उभाच राहिलो. किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणालो, ती येणार नाही, तिची पट्टी आणि कात्र्या द्या. तो म्हणाला, "बसा तर खरं बाबा, एवढी काय घाई?" चहा आला. मी पट्टी आणि कात्र्या रुमालात बांधल्या, तिच्या आहेत की नाही ते एकेक उजेडात धरून पाहिलं, आणि चहा तसाच ठेवून जिना उतरलो.